बेटांजवळचा संसार

शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर फिरणारी माणसं दिवसभर करतात तरी काय, हा प्रश्न बडोद्यातल्या मराठी घरांत हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निळं पाणी, पांढरी वाळू आणि हातात शहाळं असं कॅलेंडरवरचं चित्र असतं. चित्र खोटं नाही. फक्त ती बोट त्या निळ्या पाण्यात जागच्या जागी राहावी, आतल्या माणसांना प्यायला पाणी मिळावं आणि रात्री दिवा लागावा यासाठी कुणीतरी सतत मोजत असतं. टाकीत किती, बॅटरीत किती, साखळी किती सोडली, कांदे किती उरले. वाऱ्यावर बोट हाकणं हा यातला लहानसा भाग. वर्षाचा हिशोब मांडला तर बोट चालते त्याहून कितीतरी जास्त दिवस नांगरावर उभी असते. नौदलातल्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा ही निराळी गोष्ट, तिथे वाटेत मुक्काम चारच होते. इथे विषय संसाराचा आहे. दोन माणसं, अकरा-बारा मीटरची बोट आणि बेटांच्या आडोशाला महिनोन्‌महिने मुक्काम.

आधी पाणी. एवढ्या बोटीच्या टाकीत तीनशे ते चारशे लिटर गोडं पाणी मावतं. शहरातल्या घरात एवढं दिवसभरात कधी संपलं ते कळतही नाही. बोटीवर जपून वापरलं तर माणशी रोज आठ-दहा लिटर पुरतं, म्हणजे दोघांना पंधरा-वीस दिवस. हे जमतं ते शिस्तीपेक्षा नळामुळे. दाबाचा विजेचा पंप असला की नळ सोडताच पाणी धो-धो येतं आणि हात आपोआप सैल सुटतो. शिवाय कुठे एक जोड गळला, तर रात्रीत पंप अख्खी टाकी बोटीच्या तळात रिकामी करतो. ओट्याखाली पायाने दाबायचा पंप लावला की दोन्ही प्रश्न मिटतात. त्याच्या शेजारी समुद्राच्या पाण्याचा दुसरा पाय-पंप हवा. भांडी आधी खाऱ्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याने खळबळायची. भात शिजवताना तीन भाग गोडं आणि एक भाग खारं पाणी घेतलं तर वेगळं मीठ लागत नाही, पण हे उघड्या समुद्रातलं पाणी असेल तरच. दहा बोटी नांगरलेल्या खाडीतलं नको, कारण त्या दहाही बोटींवर संडास आहेत.

“पण अंघोळीचं काय?” हा पुढचा प्रश्न. समुद्रात उडी मारायची, बोटीच्या मागच्या शिडीवर बसून अंगाला शाम्पू लावायचा, परत उडी. साबणाच्या वडीला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पूला येतो. मग बागेत फवारणीसाठी मिळतो तो पाच लिटरचा हातपंप घ्यायचा. दीड-दोन लिटरमध्ये एका माणसाच्या अंगावरचं मीठ पूर्ण निघून जातं. पंप अर्थात कोरा हवा, औषध मारलेला नव्हे. मीठ निघायलाच हवं, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. खाऱ्या पाण्यात धुतलेली चादर दुपारी कडक वाळल्यासारखी वाटते आणि रात्री पुन्हा दमट होते. मग गाद्या दमटतात, कपाटात बुरशी धरते आणि पाठीवर पुरळ उठतं. म्हणून कपडे खाऱ्या पाण्यात भिजवले-घासले तरी शेवटचं पाणी गोडंच हवं, आणि त्यासाठी पावसाची वाट बघणं सगळ्यात स्वस्त.

पावसाचा हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर कापडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरची ताडपत्री डेकवर ताणली आणि दहा मिलिमीटरची एक सर आली तर शंभर लिटर. गोम अशी की सर येते तीच मुळी वाऱ्याच्या झटक्यासकट, आणि सैल बांधलेली ताडपत्री नेमकी त्याच वेळी फडफडून सगळं बाहेर ओतते. मधोमध वजन बांधून खोलगट केलेली आणि तिथेच पाइप जोडलेली ताडपत्री टिकते. सुरुवातीची पाचेक मिनिटं मीठ आणि धूळ वाहून जाऊ द्यायची, पाणी जिभेवर चाखायचं, मगच टाकीचं झाकण उघडायचं.

समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आजकाल बऱ्याच बोटींवर असतं. तासाला तीसेक लिटर देणारं लहान यंत्र ११० वॅटच्या आसपास वीज खातं आणि वातावरणाच्या पन्नासेक पट दाबाने पाणी पडद्यातून ढकलतं. हा पडदा दोन गोष्टींनी मरतो: तेल आणि क्लोरीन. म्हणून बंदरातल्या तेलकट पाण्यात यंत्र चालवायचं नाही, आणि धुताना क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी कोळशाच्या फिल्टरमधूनच सोडायचं. आठवडाभर न चालवता तसंच ठेवलं तर आत जीव वाढतात आणि पाण्याला कुजका वास येतो. यंत्र असू द्यावं, पण टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. पंप बिघडला की सुटा भाग हजार मैलांवर असतो आणि पाऊस बोलावून येत नाही.

विजेचं थोडक्यात सांगता येतं, कारण तिचं दुखणं एकच: फ्रिज. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज चालू असताना पाच अँपिअर घेतो आणि उष्ण हवेत निम्मा दिवस चालूच असतो, म्हणजे दिवसाला साठ अँपिअर-तास. नांगराचा एलईडी दिवा रात्रभर जळून तीनसुद्धा खात नाही. चारशे वॅटचे सौर पत्रे चांगल्या उन्हात दिवसाला सव्वाशेच्या आसपास देतात, पण डोलकाठीच्या एका दोरखंडाची सावली पत्र्यावर आडवी पडली की त्या पत्र्याची वीज धाडकन खाली येते. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या की त्यांचं आयुष्य घटतं. बॅटरी विश्रांतीत असताना, म्हणजे भरणंही नाही आणि वापरही नाही तेव्हा, १२.२ व्होल्ट दिसले की निम्मी उरली असं समजावं. फ्रिजचा डबा जाड आवरणाचा करून घेणं हे आणखी दोन पत्रे विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचं आहे, आणि फ्रिजशिवाय राहता येणं त्याहूनही.

आणि इथे मराठी स्वयंपाकघर कामाला येतं. पाश्चात्त्य बोटींवरचा साठा म्हणजे डब्यांचा डोंगर. आपल्याकडे भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, भाजलेला रवा, पोहे, आमसूल हे सगळं थंडाव्याशिवाय महिनोन्‌महिने राहतं आणि वजनालाही हलकं. खंडेराव मार्केटच्या आसपास एका सकाळी तीन महिन्यांचा कोरडा साठा जमतो. रवा-दलिया भाजूनच भरायचा, भाजताना किड्यांची अंडी मरतात. पिठं मात्र लहान-लहान घट्ट झाकणाच्या बरण्यांत. एकाच मोठ्या डब्यात भरली तर एका अळीने सगळं जातं. स्टीलचे डबे घेताना चुंबक चिकटत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. स्वस्त २०२ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत काही आठवड्यांत डागाळतं, ३०४ घ्यावं. पापड तर हवा लागताच मऊ पडतात, ते दुहेरी पिशवीत. भाकरवडी टिकते. बडोद्याची शान असलेला लीलो चेवडो टिकत नाही, ओलसर असतो, तो निघण्याआधीच संपवलेला बरा.

सगळ्यात मोठी सोय मोडाच्या कडधान्यांची. किनारा सोडून दोन आठवडे झाले की ताजं हिरवं काहीच उरत नाही. तेव्हा मूठभर मटकी आठ तास भिजवून कापडात बांधली की तीस अंशांच्या हवेत एका दिवसात मोड येतात. भिजवणाचं पाणी टाकायचं नाही, त्यात भांडी खळबळायची. उष्ण हवेत भिजवण बारा तासांच्या पुढे गेलं की आंबूस वास येतो. कोबी न चिरता बाहेरून एकेक पान सोडवत वापरला तर आठवडेच्या आठवडे टिकतो. कांदे-बटाटे शेजारी ठेवले की दोन्ही लवकर बिघडतात. अंडी न धुतलेली आणि कधीही फ्रिजमध्ये न गेलेली घ्यायची, दर एक-दोन दिवसांनी उलटी करायची, महिनाभर चालतात. एकदा गार झालेलं अंडं मात्र गारच ठेवावं लागतं. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवायचीच नाहीत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. केळ्यांचा घड डोलकाठीला बांधलेला फोटोत छान दिसतो, पण सगळी केळी एकाच दिवशी पिकतात.

कुकर म्हणजे बोटीवरचं सर्वोत्तम भांडं. गॅस निम्मा लागतोच, पण झाकण बंद असल्याने बोट अचानक कलली तरी उकळती डाळ अंगावर येत नाही. रबरी रिंगा घरूनच न्याव्यात, आपल्या कुकरच्या रिंगा पॅसिफिकमधल्या दुकानात कुठून मिळायच्या? गॅसची एक छोटी टाकी दोघांना महिनाभर जाते, पण व्हॉल्व्ह देशादेशाला वेगळा, म्हणून जोडण्यांचे दोन-तीन प्रकार जवळ हवेत. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून जातो तरी, बोटीला मात्र खाली दारच नाही. तो तळात साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीने बोट उडते. टाकी नेहमी बाहेरच्या कप्प्यात, ज्याच्या तळातून समुद्रावर भोक काढलेलं आहे अशा ठिकाणी, आणि स्वयंपाक झाला की शेगडी नव्हे, आधी टाकी बंद.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट जिवाची. प्रवाळ खडकांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं. बॅराकुडा, मोठा ग्रूपर, मोरे ईल हे धोक्याचे. या सिगुआटेरा विषाला वास नाही, चव नाही आणि शिजवून ते जात नाही. विष चढलेल्या माणसाला गार वस्तू पोळल्यासारखी लागते. एका खाडीत जो मासा खुशाल खातात, तोच पुढच्या खाडीत विषारी असू शकतो, म्हणून तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय खडकावरचा मासा खायचा नाही. उघड्या समुद्रात गळाला लागलेला ट्यूना या बाबतीत सुरक्षित.

आता नांगर, कारण रात्रीची झोप त्याच्यावर टांगलेली असते. बारा मीटरच्या बोटीला वीस-पंचवीस किलोचा नांगर आणि १० मिलिमीटर जाडीची साठ-सत्तर मीटर साखळी. ही साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे साठ मीटरचं वजन १३५ किलो. बरेच जण नांगरावर विसंबतात आणि साखळीत कंजुषी करतात, चूक तिथेच होते. साखळी तळावर आडवी पडलेली असेल तरच नांगरावरची ओढ आडवी राहते आणि तो रुततो. ओढ वरच्या दिशेने लागली की तोच नांगर उपटला जातो. म्हणून खोलीच्या पाचपट साखळी सोडतात. खोली मोजताना बोटीच्या नाकाची पाण्यावरची उंची आणि येणारी भरती धरायची. चार मीटर पाणी, दीड मीटर नाक, अर्धा मीटर भरती: सहा मीटर, तीस मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट.

टाकायची रीत अशी. वाऱ्याकडे तोंड करून हळू जायचं, बोट पूर्ण थांबली की नांगर तळाला लागेपर्यंत सोडायचा. ढीग नको. बोट वाऱ्याने मागे सरकू लागली की साखळी थोडी थोडी सोडत राहायची. सगळी सुटली की इंजिन उलट्या गिअरमध्ये हलक्या वेगाने, मग मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत न्यायचं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा एक माड आणि त्यामागचा एक सुळका, एकमेकांच्या रेषेत धरून पाहायच्या. रेष हलत नसेल तर नांगर बसला. नंतर साखळीला दहा-बारा मीटर नायलॉनचा दोर अडकवून ओढ त्याच्यावर घ्यायची, कारण नायलॉन ताणतो आणि साखळी ताणत नाही. हा दोर नसला तर लाट आली की साखळीचा धक्का सरळ बोटीला बसतो. शेवटी चष्मा लावून पोहत जाऊन नांगर डोळ्यांनी बघायचा. उष्ण कटिबंधात पाणी इतकं स्वच्छ असतं की हे न करायला कारणच नाही.

प्रवाळाच्या बेटांत आणखी एक भानगड आहे. तळाला वाळू असते आणि मधूनमधून प्रवाळाचे गड्डे उभे असतात. रात्री वारा फिरला की बोटही फिरते, साखळी गड्ड्याला वेढा घालते आणि तीस मीटरची पाच मीटर उरते. मग लाटेगणिक नाक खाली खेचलं जातं, आणि शेकडो वर्षांत वाढलेलं प्रवाळही मोडतं. यावर दक्षिण पॅसिफिकमधल्या तुआमोतु बेटांतल्या बोटवाल्यांचा उपाय आहे. मोत्यांच्या शेतीतले सुटलेले तरंगते गोळे किनाऱ्यावर सापडतात, ते साखळीला ठरावीक अंतरावर बांधतात. नांगराजवळची साखळी वाळूवर राहते आणि पुढची गड्ड्यांच्या वर तरंगते. चार-पाच गोळ्यांत काम होतं.

अशा बेटांच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या शांत पाण्यात, शिरणं हेही वेळेचं काम. बडोद्याच्या सगळ्यात जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. तिथे भावनगरला उधाणाला पाणी दहा मीटरहून जास्त चढ-उतार करतं, त्यामुळे भरती म्हटली की आपल्याला चंद्र आणि तिथी आठवते. ताहितीत भरती जेमतेम फूटभर आणि रोज दुपारी बारा आणि मध्यरात्री बाराच्या सुमारासच येते. चंद्राची भरती तिथे जवळजवळ नाहीशी होते, सूर्याची तेवढी उरते. तरीही शेजारच्या तुआमोतुत लगूनच्या अरुंद तोंडाशी प्रवाह कधी आठ नॉटपर्यंत, म्हणजे तासाला आठ सागरी मैलांपर्यंत, जातो, कारण बाहेरच्या लाटा दक्षिणेच्या खडकावरून आत पाणी ओतत राहतात आणि ते एवढ्याच तोंडातून बाहेर पडतं. बोटीचं इंजिन सहा नॉट देतं. बाकीचं गणित सांगायला नको. प्रवाह थांबतो त्या थोड्या वेळात, आणि तोही सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मध्ये गाठायचा, जेव्हा सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतो. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे तळाला लागणारं प्रवाळ. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा घातलेला एक माणूस बोटीच्या नाकावर उभा हवा. ढगाची सावली पडली की सगळे रंग पुसले जातात, मग थांबायचं.

नांगर टाकला की किनाऱ्यावर जायला डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्यानंतर बडोद्यात लाइफ जॅकेटचं महत्त्व नव्याने पटवायला नको. पण मोठ्या बोटीवर नियम पाळणारी माणसंसुद्धा डिंगीत बसताना ढिली पडतात. दोनशे मीटर तर जायचंय, जॅकेट कशाला? रात्री, वाऱ्यात, इंजिन बंद पडल्यावर तेच दोनशे मीटर उघड्या समुद्राकडे वाहत नेतात. वल्ही, लहानसा नांगर आणि विजेरी डिंगीत कायम. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला. आणि रात्री डिंगी पाण्यातून वर उचलायची, चोरीसाठीही आणि तळाला शेवाळ धरतं म्हणूनही.

दुरुस्तीचे तास रोजचेच. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा स्क्रू मधे लेप न लावता बसवला तर ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. तळाचा जस्ताचा तुकडा निम्मा खपला की बदलायचा, तो खपतो म्हणून पंखा वाचतो. इंजिन सुरू केलं की पहिली नजर मागे, धुराबरोबर पाणी उडतंय का. नसेल तर लगेच बंद. बहुधा पंपाचं रबरी चक्र तुटलेलं असतं, आणि तुटलेल्या पात्यांचे तुकडे मोजून बाहेर काढले नाहीत तर ते पुढे अडकतात. संडासाबद्दल एवढंच: खाऱ्या पाण्यामुळे नळीत चुन्यासारखा थर जमतो, आठवड्याला थोडं व्हिनेगर ओतावं, आणि आधी खाल्लेलं नाही असं काहीही त्यात टाकू नये.

संध्याकाळी बॅरोमीटर वाचून वहीत लिहायचा. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, सकाळ-रात्रीच्या दहाच्या सुमारास, आणि चारच्या सुमारास दोनदा उतरतो. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. ही लय माहीत नसेल तर दुपारचा उतार बघून माणूस उगाच घाबरतो. लय मोडून दाब त्या मोसमातल्या नेहमीच्यापेक्षा तीन हेक्टोपास्कलने खाली गेला तर शंका घ्यावी. पाचने गेला तर वादळ जवळच आहे असं धरून चालावं.

वादळांचा मोसम टाळणं हाच वर्षाचा आराखडा. दक्षिण पॅसिफिकमध्ये तो नोव्हेंबर ते एप्रिल, आपल्या बंगालच्या उपसागरात एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा होत नाहीत, म्हणून काही जण तिकडे सरकतात. फिजीत असलेल्या बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अकराशे सागरी मैल दक्षिणेला न्यूझीलंडला उतरतात, आठ ते दहा दिवस, तीन-तीन तासांच्या पहाऱ्याने. बंदरात पिवळा झेंडा लावून थांबायचं, अधिकारी येईपर्यंत कुणी उतरायचं नाही. ताजी फळं, मध, मांस ते जप्त करतात आणि रुजू शकेल अशा बियांवर त्यांची बारीक नजर असते. उरलेल्या मटकीची उसळ वाटेतच करून संपवावी.